दगड ज्याच्या हातात

हरलेल्या माणसांकडे किस्से फार साठतात. जिंकलेल्यांकडे फोटो असतात, फ्रेम करून लावलेले. आमच्याकडे एकही फ्रेम नाही. किस्से मात्र कुठूनही सुरू करा, हसाल. मीही हसतो. फक्त माझं हसून झालं की खोलीत दुसरं कुणी नसतं.

तर हे आमच्या नाशिकच्या गटातले किस्से. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मोबाईलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं आणि 'क्लायमेट चेंज' हा शब्द आमच्यात फक्त पाटणकर सरांना माहीत होता. सर म्हणजे बॉटनीचे रिटायर्ड प्राध्यापक. कुठल्याशा परिषदेला जाऊन त्यांनी 'हवामान न्याय' असा शब्द आणला होता. धूर शहरातल्या गाड्यांनी करायचा आणि पाऊस बुडायचा तो हरसूलकडच्या पाड्यावरच्या माणसाचा, ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही, हा अन्याय आहे, असं सर सांगायचे. बरोबरच सांगायचे. स्वतःच्या गाडीतून येऊन सांगायचे, एवढंच.

"न्याय म्हणजे तारखा," केंगेकाका म्हणायचे. काका ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य काढलेले, पक्के युनियनवाले. तिसऱ्या नलिनीताई, कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. तिघंही साठीच्या पुढचे. तरुण म्हणाल तर दोघंच, चंदर आणि मी.

लढा होता चंदरच्या पाड्यासाठी. हरसूलच्याही पुढे, पाड्याच्या डोक्यावर एक डोंगर. त्यावरची ऐनाची जुनी झाडं तोडून खडीच्या खाणीला रस्ता न्यायचा होता. त्या झाडांच्या मुळातून एक झरा यायचा, सगळा पाडा त्याच्यावर पाणी भरायचा. पाऊस आधीच बेभरवशाचा झालेला. ऐन जुलैत दडी मारायचा, नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं करपायची. झाडं गेली की झराही जाणार, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

चंदर आश्रमशाळेतून बारावी झालेला. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं, याच डोंगरासाठी. म्हणून गटात माझं नाव 'इंजिनिअर'. म्हाताऱ्यांना हा विनोद शेवटपर्यंत जुना वाटला नाही.

मोर्चे, निवेदनं, साखळी उपोषणं असं सगळं करून माणसं थकली. थकली म्हणजे एकमेकांवर खेकसायला लागली, सरांना बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात नलिनीताई कुठलंसं मौनाचं शिबिर करून आल्या आणि म्हणाल्या, "आपण डोंगराची काळजी घेतो. कार्यकर्त्याच्या मनाची कोण घेणार?"

अशी आमची गुरुवारची बैठक सुरू झाली.

* * *

जागा अशोकस्तंभाजवळची, एका टायपिंग क्लासच्या वरची खोली. सतरंजीवर गोल बसायचं. मोबाईल बंद करून टोपलीत टाकायचे. आधी थोडा वेळ मौन. मग एक दगड फिरणार. गोदावरीतला, काळा, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. दगड ज्याच्या हातात, तोच बोलणार. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, काही विचारायचं असेल तर आपल्या हातात दगड येईपर्यंत थांबायचं. सात वाजता संपवायचं, कारण सातला तिथे हार्मोनियमचा क्लास भरायचा.

"गोदावरीत तुम्हाला दगड सापडला?" केंगेकाका म्हणाले. "मला दर वेळी कॅरीबॅगच सापडते!"

मला हा नियम मनापासून आवडला होता. कारण मला बोलायचं होतं. कॉलेज सोडल्यापासून वडील माझ्याशी बोलत नव्हते. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत ते आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय." मी समोरच बसलेला! शेवटी मी पंचवटीत खोली घेतली. तिथे 'त्याला म्हणावं' म्हणणारंही कुणी नव्हतं. कुणीतरी पाच मिनिटं गप्प बसून आपलं ऐकावं, एवढीच माझी क्रांती शिल्लक राहिली होती. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पाठ होतं म्हणा ना.

* * *

पहिला गुरुवार. मौन सुरू झालं. खाली टायपिंग क्लासची शेवटची बॅच. खटखटखटखट, डिंग! खटखटखट, डिंग!

नलिनीताई डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "आवाज येतोय. येऊ द्या. आवाज जातोय. जाऊ द्या."

केंगेकाकांचं डोकं एव्हाना छातीवर आलेलं. खाली एकदम दोन-तीन मशीन बरोबरच वाजली, डिंग डिंग! काका ताडकन उभे राहिले आणि सतरंजीवर इकडेतिकडे हात फिरवायला लागले.

"काय शोधताय?"

"डबा," काका म्हणाले. मग डोळे नीट उघडले. "सॉरी हां. शिफ्ट सुटल्यासारखं वाटलं."

मग दगड पहिल्यांदा सरांकडे गेला. वयाचा मान. सर उठून उभे राहिले. कुर्ता खाली ओढला. समोर आम्ही मोजून चौघं, तरी म्हणाले, "मित्रहो! मी फक्त दोन शब्द बोलणार आहे."

आणि त्यांनी औद्योगिक क्रांतीपासून सुरुवात केली.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत आले तोवर हार्मोनियमवाली मंडळी दारात पेट्या घेऊन उभी होती. नलिनीताईंना बोलायची सोय नाही, दगड सरांकडे. त्या बिचाऱ्या हातांनी खुणा करत होत्या, घड्याळ दाखवत होत्या, छातीवर हात ठेवून 'मनातलं बोला, मनातलं' असं सुचवत होत्या.

सर हसले. म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ."

* * *

एक गुरुवार मात्र नलिनीताई खरंच बोलल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत. फोनवर म्हणाला होता, "आई, इथे घरटी दोन-दोन गाड्या आहेत. तू एका डोंगरानं काय थांबवणार?" ताईंनी फोन ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की रागात ठेवलेला तो फोन आता पुढच्या रविवारशिवाय वाजणार नाही.

"घरात मी आणि घड्याळ," त्या म्हणाल्या. "पुस्तकात शिकवत आले, एकटेपणा म्हणजे अमुक, एकटेपणा म्हणजे तमुक. आता वाटतं, ही एकटेपणाची सक्ती…"

वाक्य तिथेच थांबलं.

"नहीं चलेगी, नहीं चलेगी!" केंगेकाका गरजले. मूठ वर.

खाली टायपिंगसुद्धा थांबलं.

काकांची चूक नव्हती. ज्या माणसानं जन्मभर गेटवर दुसऱ्याची वाक्यं पुरी केली, त्याच्यापुढे तुम्ही अर्धं वाक्य टाकून थांबणार, तर तो काय करणार? वर गेलेली मूठ त्यांना खाली आणता येईना. सर छताकडे बघत होते. आणि नलिनीताई रडता रडता अशा हसायला लागल्या की दगड सुटून सतरंजीवर घरंगळला.

जिन्यात काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काकू गेली त्याला वर्ष होईल आता. घरी मी बातम्यांना घोषणा देतो रे. टीव्हीलाच."

मला सवयच लागली होती, दगड हातात नसला की गप्प बसायची.

* * *

आता माझ्या पाळीबद्दल. वर्तुळ सरांपासून डावीकडून सुरू व्हायचं आणि दाराशी संपायचं. दाराशी आधी चंदर, त्याच्या शेजारी, सगळ्यात शेवटी, मी. सर महायुद्ध घ्यायचे, ताई मुलगा घ्यायच्या, काका जुना संप घ्यायचे. दगड आमच्याकडे सरकायला लागला की पेटीवाले चपला काढत असायचे. "राहिलेल्यांचं पुढच्या गुरुवारी हं," ताई म्हणायच्या. राहिलेले म्हणजे आम्ही दोघं. दर वेळी.

ज्यांच्याकडे बोलायला घरं होती, हॉल होते, व्यासपीठं होती, त्यांनी आमचा हा एक तासही खाल्ला. मी स्पष्ट सांगतो, खाल्ला. यांच्या पिढीला माइक दिला की परत मागायचा नसतो, आणि दगड दिला तरी तेच.

शेवटी मी शक्कल लढवली. एका गुरुवारी अर्धा तास आधीच जाऊन सरांच्या जागेवर बसलो. सर आले, मला बघितलं, काही न बोलता दाराशी जाऊन बसले. मौन झालं. पहिलं वाक्य जिभेवर.

नलिनीताईंनी डोळे उघडले, प्रसन्न हसल्या आणि म्हणाल्या, "आज मला आतून वाटतंय, आपण दगड उलट बाजूनं फिरवू या!"

* * *

चंदरची पाळी एकदा खरोखर आली. पेटीमास्तरांना ताप होता म्हणून. दगड त्याच्या हातात आला. त्यानं तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. बोलला नाही. पण बोलणार होता! मी शेजारी होतो, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"बोल चंदर," सर म्हणाले. "मोकळा हो. तुझ्या पूर्वजांचं जंगल डोळ्यांपुढे आण."

ताईंनी डोळे मोठे केले. सर म्हणाले, "नाही, मी बोलत नाहीये. मी त्याला फक्त वाट करून देतोय."

आणि मग सरांनी जी वाट करून दिली! चंदरच्या पूर्वजांचा निसर्गाशी संवाद, चंदरची घुसमट, चंदरच्या मनातलं पारंब्यांसारखं काहीतरी. दगड चंदरच्या हातात, आवाज सरांचा. शेवटी सरांचे डोळे भरून आले. चंदरनं दगड गुपचूप ताईंकडे सरकवला, आणि 'आज इथेच थांबू या' म्हणत ताईंनी बैठक संपवली.

जिन्यात मी चिडून म्हणालो, "तू थांबवलं का नाहीस त्यांना?"

"राहू दे," चंदर म्हणाला. "चांगलं सांगितलं सरांनी. मला पण नवीनच होतं सगळं."

* * *

मग एकदा ताईंनी ठरवलं की झाडांची माफी मागायची. मानवजातीच्या वतीनं. सरांची गाडी काढली, पाड्यावर गेलो. डोंगर चढून वर ऐनाची झाडं. ऐनाचं खोड भेगाळलेलं, सुसरीच्या पाठीसारखं. प्रत्येकानं एकेक झाड धरलं, गाल टेकवला, डोळे मिटले. सरांनी नेमकं मुंगळ्यांचं झाड धरलं, पण तो किस्सा वेगळा. सरांनी सहन केलं, एवढं श्रेय देतो.

चंदरची आई वरून लाकडाची मोळी घेऊन उतरत होती. लहानखुरी, काटक बाई. तिनं मोळी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हा प्रकार बघत राहिली.

"काय झालं रं यांना?" तिनं चंदरला विचारलं. "कोणी गेलं का यांचं?"

"नाय गं. झाडाची माफी मागतात."

ती थोडा वेळ थांबली. खरंच वाट बघितल्यासारखी.

"मंग?" म्हणाली. "झाड काय बोललं?"

तिनं आम्हाला खाली नेऊन नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. मला दुसरी भाकरी वाढताना म्हणाली, "तू लय गप रं बाबा. घरी कोण कोण हाय?"

"आई, वडील," मी म्हणालो. पुढचं वाक्य निघणार, तेवढ्यात सरांनी नागलीतल्या कॅल्शियमवर बोलायला सुरुवात केली.

* * *

हा किस्सा सांगताना कुणी हसत नाही, तरी तो किस्साच आहे.

असं ठरलं होतं की झाडं तोडायचं मशीन डोंगराला लागलं की चंदरनं हरसूलच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा. मग सर त्यांच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन करणार, ताई पेपरवाल्यांना, काका माणसं गोळा करून टेम्पो काढणार. एका तासात सगळं हलणार. आमची एवढी एकच गोष्ट खरोखर नीट ठरलेली होती.

मशीन आलं. चंदर पाड्यावरून हरसूलला धावत गेला. त्यानं सरांना फोन लावला. मग ताईंना. मग काकांना. परत सरांना. मग बूथवाल्यानं शटर ओढलं.

तिघांचेही मोबाईल बंद करून टोपलीत ठेवलेले होते. आणि आम्ही टोपलीभोवती गोल बसून येणारे आवाज येऊ देत होतो, जाणारे जाऊ देत होतो. माझ्याकडे तर मोबाईलच नव्हता.

सकाळी बातमी कळली तोवर वर एकही झाड उभं नव्हतं.

दोन दिवसांनी सर पाड्यावर गेले. खूप दुखावले होते. "अरे, निदान फोन तरी करायचास!"

"केला ना सर. सगळ्यांना केला. सहा वाजता."

सरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे चंदर, पण गुरुवार होता ना!"

* * *

पुढच्या बैठकीला चंदर आला. दाराशी, त्याच्या जागेवर बसला. पायांना अजून डोंगराची लाल माती. मौन झालं. मग ताई म्हणाल्या, "आज आपण सगळे मिळून या दुःखाला जागा देऊ या." सरांनी जागा दिली. ताईंनी दिली. काकांनी मूठ मांडीखाली दाबून धरून दिली. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं.

दगड काकांकडे असतानाच चंदर उठला. माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडी जाईल."

तो परत आला नाही.

सरांनी मात्र, जन्मात देवाला हात न जोडलेल्या माणसानं, रामकुंडावर झाडांचे दिवस घालायचं ठरवलं. ताई म्हणाल्या, मनाला निरोपाची क्रिया लागते. रामकुंडावर गुरुजींनी दर्भ हातात घेतला, पाट मांडला आणि नेहमीच्या घाईत विचारलं, "मयताचं नाव?"

"ऐन," सर म्हणाले.

"गोत्र?"

प्रश्न वर्गीकरणाचा होता आणि सर बॉटनीचे होते.

"कॉम्ब्रेटेसी," त्यांनी ऐनाचं शास्त्रीय कुळ सांगितलं.

गुरुजींची पापणीही लवली नाही. ठणठणीत आवाजात सुरू केलं, "कॉम्ब्रेटेसी गोत्रोत्पन्नस्य…"

चंदरला यातलं कुणी कळवलंच नव्हतं. मयत त्याच्या घरचं होतं.

* * *

पावसाळा गेला, द्राक्षाची छाटणी सुरू झाली. एका गुरुवारी सर आले तेच विस्कटलेले. दगड हातात घेतला आणि पहिल्यांदाच उभे न राहता बोलले.

"आज मी गिरणाऱ्यावरून आलो. नाक्यावर मजूर उभे होते, कामावर कुणी नेईल म्हणून. त्यांच्यात चंदर होता." सरांनी रुमाल काढला. "आपला चंदर! हातात छाटणीची कात्री. मला इतका त्रास झाला, काय सांगू. रात्रभर झोप येणार नाही मला."

ताईंचे डोळे भरले. काकांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सगळी बैठक सरांच्या त्रासात बुडाली.

माझ्या हातात दगड नव्हता. तरी मी विचारलं. नियम मोडून मी बोललेलं ते एकच वाक्य.

"सर, तुम्ही गाडी थांबवलीत का?"

सरांनी माझ्याकडे फार दयेनं बघितलं.

"अरे, ती मनःस्थितीच नव्हती रे माझी!"

मी दुसऱ्या दिवशी गिरणाऱ्याला गेलो. नाक्यावर उभं राहून बघितलं. एकानं सांगितलं, तो टेम्पोत बसून पिंपळगावकडे गेला. कुणाच्या बागेत, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. परत आलो. गुरुवारी जाणं मी सोडलं नाही, का ते मलाही नीट माहीत नाही. आठवड्यात तेवढी एकच जागा होती जिथे मी गेलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. दाराशी आता मी एकटाच बसायचो. चंदरच्या जागेवर चपला ठेवायला लागले होते.

* * *

आणि मग उन्हाळ्यातला तो गुरुवार.

मौन चालू होतं. जिन्यावर पावलं वाजली. दारात चंदरची आई. हातात कापडी पिशवी. टायपिंग क्लासमध्ये विचारत विचारत वर आली होती. आत चपला होत्या त्या तिनं पायानं बाजूला सारल्या आणि बरोबर चंदरच्या जागेवर बसली.

ताई गडबडल्या. पण पाहुणी, शिवाय चंदरची आई. त्यांनी मौन मोडलं, तिला नमस्कार केला, नियम समजावून सांगितला. दगड हातात असेपर्यंत तुम्हीच बोलायचं, आम्ही मध्ये अजिबात बोलणार नाही, घाई करायची नाही. आणि दगड पहिल्यांदा तिच्या हातात दिला. सरांच्याही आधी.

तिनं दगड पदरानं पुसला.

"हाच का त्यो?" म्हणाली.

कुणी उत्तर दिलं नाही. दगड तिच्याकडे होता.

"चंदर घरी आलाय," ती म्हणाली. "द्राक्षाच्या कामावरून मुकादमानं आणून सोडला. पडून ऱ्हातो. खातो जरासं. बोलत नाय. भगत झाला, दवाखाना झाला. डाक्टर म्हणला, अंगात काय नाय त्याच्या. मी रोज म्हणते, बोल बाबा, कायपण बोल, शिव्या दे. नाय बोलत."

खाली, डिंग.

"मागं त्यो सांगायचा, नाशकात आमी बसतो, तिथं एक दगड हाय. हातात आला का माणूस बोलतो, मधी कोणी तोंड घालत नाय. म्हणलं, त्योच न्यावा."

तिनं दगड पिशवीत टाकला. पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.

"बरा झाला का आणून देईन," म्हणाली. "निघते. गाडी हाय."

आणि उठली.

आता बघा गंमत! दगड थांबवायचा तर बोलायला हवं, आणि बोलायचं तर दगड हातात हवा. सरांचा हात वर्गातल्या पोरासारखा अर्धा वर गेला आणि खाली आला. केंगेकाकांनी तोंड उघडलं, मिटलं, त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नलिनीताईंनी नुसते हात जोडले. इतक्या गुरुवारांत माझे हे तिन्ही म्हातारे पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं गप्प बसले होते.

मी उठलो आणि तिच्या मागे जिना उतरलो.

सीबीएसच्या स्टँडवर हरसूलची गाडी लागलेली होती. गर्दीत मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तिला बसवलं. उतरायला वळलो.

"तू कुठं चालला?"

"खोलीवर."

"तिथं कोण हाय?"

ती खिडकीकडे सरकली. मी बसलो.

गाडी निघाली. गंगापूर रोडच्या बंगल्यांच्या पुढे द्राक्षाच्या बागा लागल्या. ऊन अजून होतं. गिरणाऱ्याचा नाका आला, संध्याकाळचा रिकामा. तिनं मान वळवून तो मागे पडेपर्यंत बघितला.

"चंदर एक सांगायचा," मग ती म्हणाली. "माझ्या बाजूला एक बसतो, म्हणायचा. त्याचा पण नंबर येत नाय. त्यो तूच ना?"

"हो मावशी."

तिनं मांडीवर पिशवी घेतली, गाठ सोडली, दगड काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"हरसूल येईस्तोवर वेळ हाय," म्हणाली, आणि गप्प बसली.